वर्दावारच्या दिवशी चाळीस कुंड्या

आता तुम्हीच सांगा, वर्दावारच्या, पाण्याच्या सणाच्या दिवशी आपल्या अश्तारक गावात भर उन्हात भली मोठी छत्री उघडून कोण बसतं? नाझेली बसली होती! आणि छत्री स्वतःच्या डोक्यावर नाही हं, कुंड्यांवर!

चाळीस कुंड्या. कोकराच्या कानांच्या. ती चांदीसारखी, लवदार पानांची झाडं नाहीत का, हात लावला की लावतच राहावंसं वाटतं, तीच. तीन वर्षांपूर्वी डोंगरातून एक गड्डा आणला, तो फोडून फोडून पोरीने चाळीस केले. कारण मखितारने नदीकडे पाहुणेघर बांधलंय, त्याच्या पायवाटेला दोन्ही बाजूंनी हीच हवी होती. नाझेलीची पहिली ऑर्डर. जमली तर रोपांचा धंदा सुरू, नाही जमली तर वडिलांनी सांगूनच ठेवलेलं, काकाकडे तंदूरपाशी बसायचं आणि जन्मभर लवाशच्या पातळ रोट्या लाटायच्या.

मखितारची अट एकच. "मला दरवर्षी मुळातून फुटणारी पाहिजेत. गेल्या वर्षी एकाने याच्याच भाऊबंदातली एका वर्षाची माझ्या गळ्यात मारली. हिरवी, गुळगुळीत. बी धरलं आणि मेली! चांदी दिसली नाही तर मी घेणार नाही."

आणि ही पानं भिजली ना, की लव चपटी बसते आणि सगळं हिरवं दिसतं. वर उन्हात सडतात ती वेगळीच. मखितार झाडं बघायला येणार सोमवारी. आणि रविवारी वर्दावार! ज्या दिवशी दिसेल त्याच्यावर पाणी ओतायचं, आणि ओतलं म्हणून कुणी रागवायचंसुद्धा नाही.

नाझेली सकाळपासून न रागवता रागवत होती.

"पोरांनो, माझ्यावर ओता! घ्या! पण इकडे नाही!"

"तू तर कोरडीच आहेस, ताई!"

"अरे मग भिजवा ना मला, फाटकाबाहेर!"

तिला तीनदा भिजवलं. केस गळतायत, चपला पचपचतायत, तरी छत्री कुंड्यांवरच. शेजारची वार्सिक मावशी माडीवरून बघत होती.

"नाझेली जान, झाडांना कोरडं ठेवतेस आजच्या दिवशी? पाप लागेल गं!"

"मावशी, यांना वरून पाणी चालत नाही!"

"पाणी न चालणारं झाड? माझे टोमॅटो बघ!"

"हे टोमॅटो नाहीत, मावशी!"

"म्हणूनच एवढे सुकलेत बिचारे. पांढरे पडलेत बघ!"

आणि ओतलं की हो! अख्खं घमेलं! प्रेमाने! छत्री उलटी झाली आणि चाळीसच्या चाळीस कुंड्या हिरव्यागार.

नाझेलीने छत्री सरळ केली. रागवायचीही सोय नाही, वर्दावार!

तेवढ्यात फाटकाशी गाडी. मखितार! उद्याचा माणूस आजच! काचा पार वर, दोन बोटांची फट ठेवून तिच्यातून बोलतोय.

"उद्या माळी वाफे खणायला येतोय, मला वेळ नाही, म्हणून आजच आलो. उतरणार नाही, नवा शर्ट आहे. दाखव एक."

नाझेलीने कुंडी काचेला लावली.

"ही हिरवी आहे."

"भिजलीय!"

"गेल्या वर्षीचाही हेच म्हणाला होता."

झालं, पोरीचं डोकंच फिरलं. सगळ्यात जाड, जुनी, पहिल्या गड्ड्याची कुंडी उचलली, उलटी केली, झाड बाहेर ओढलं आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडलं!

"हे बघा! एका वर्षाच्याला एकच सोटमूळ असतं, सुतळीसारखं. हे बघा कसं आडवं पसरलंय! ही गेल्या सालची वाळकी पानं, ही त्याच्या आधीची. आणि हे पुढच्या सालचे कोंब! मोजा! मोजा ना!"

मखितारने काच खाली घेतली. कोंब नखाने दाबून बघितला. मुळाचा वाससुद्धा घेतला.

"बरं. वाफे तयार झाले की, पंधरा दिवसांनी पाठव. चाळीस हं, एकोणचाळीस चालणार नाहीत."

आणि काच उघडी दिसल्यावर वार्सिक मावशी राहतेय होय? जिना उतरून आलीच होती. तांब्या सरळ आत!

मखितारच्या नाकावरून पाणी गळत होतं. दात आवळून तो म्हणाला, "तुम्हालाही शुभेच्छा," आणि गाडी घेऊन गेला. पण नाही म्हणाला नाही!

नाझेली फाटकातच खाली बसली. फाडलेल्या झाडाचे पाच तुकडे झाले होते, प्रत्येकाला मूळ होतं. तिने एकेक तुकडा मातीत दाबला. आणि नव्या लावलेल्या तुकड्याला तर पाणी लागतंच.

"मावशी," ती दातांतल्या दातांत म्हणाली, "पाणी आणा. मुळाशी घाला. पानावर एक थेंब नको."

"बघ," मावशी म्हणाली, "सकाळपासून मी हेच सांगत होते."