वैद्यकक्षाची पुरवणी

बैठ्या खेळांची परीक्षणं लिहिण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं, आणि स्वतः खेळल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही हा तिचा हट्ट होता. खोक्यावरचा मजकूर उलटसुलट करून परीक्षण पाडणारे तिच्या डोक्यात जायचे. म्हणून मासिकाकडून ‘अंधारकक्षा’ हा खेळ आणि त्याला जोडायच्या दोन पुरवण्या आल्या, तेव्हा तिनं रविवारी दुपारी नेहमीची मंडळी जमवली.

मंडळी म्हणजे तिचा नवरा, शाळेत विज्ञान शिकवणारा. त्याची धाकटी बहीण, जिला सगळे बारकी म्हणत, मोठ्या इस्पितळात नर्स. आणि खालच्या मजल्यावरचे घड्याळजी, ज्यांना जगाची घड्याळं लावता आली पण स्वतः कधी वेळेवर येता आलं नाही. ती स्वतः सूत्रधार. गोष्ट तिनं पुढे न्यायची, बाकीच्यांनी एकेक पात्र व्हायचं, आणि अडलं की फासे टाकायचे.

गोष्ट होती एका मोडक्या अवकाशयानाची. ग्रह मरायला टेकलेला, यानात माणसं कोंबलेली, आणि पुढचं बंदर कुठे आहे ते कुणालाच धड ठाऊक नाही. मूळ नियमपुस्तक तिला बेहद्द आवडलं. घड्याळजी वैमानिक झाले आणि जिथे तिथे यान आपटत सुटले. “या वेगानं वळलात तर सगळे भिंतीला चिकटतील,” असं नवरा दर वळणाला सांगायचा, आणि घड्याळजी म्हणायचे, “चिकटू देत की, निदान पडणार तरी नाहीत.” पहिली पुरवणी यानांची. ती निव्वळ भरताड निघाली. चित्रं देखणी, आत काही नाही.

दुसरी पुरवणी होती वैद्यकक्षाची. यानाला भगदाड पडतं, जखमी येत राहतात, आणि हवेच्या नळ्या कमी असतात. प्रत्येक जखमीचं एक कार्ड: वय, काम, दुखापत, सोबत कोण. वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि वाळू संपायच्या आत डॉक्टरनं ठरवायचं, नळी कुणाला आणि कुणाला नाही. शेवटी त्या निवडीला गुण.

“डॉक्टर मी,” बारकी म्हणाली.

तिनं बाह्या सरसावल्या आणि कार्डं घेतली. पानं पिसावीत तसे तिचे हात चालले. हा इकडे, ही तिकडे, हा इकडे. कुठे थांबणं नाही, परत उचलून बघणं नाही. तिनं हात टेबलावर ठेवले तेव्हा वाळू अजून गळतच होती. गुण मोजले तर पुस्तकात दिलेल्या सर्वोच्च आकड्याला टेकले.

“वा!” घड्याळजींनी टाळी वाजवली. “तुम्ही तर यंत्रच निघालात, डॉक्टरीणबाई!”

नवऱ्यानं टाळी वाजवली नाही. नळी नाकारलेल्यांच्या गठ्ठ्यातलं सगळ्यात खालचं कार्ड त्यानं ओढून काढलं. म्हातारी बाई, धाप लागलेली, सोबत मुलगी.

“ही पहिली का गेली?”

“वय बघ ना, दादा. श्वास बघ.”

“तू वाचलंससुद्धा नाहीस. नुसती नजर टाकलीस.”

“वाचत बसलं की दुसराही जातो.”

सासूबाई साथीच्या दिवसांत गेल्या होत्या, बारकीच्याच वॉर्डात. घरच्यांना आत जाता आलं नव्हतं. ‘बारकी होती म्हणून आईला काही कमी पडलं नाही,’ हे तिचा नवरा येईल त्याला सांगायचा. त्या एका वाक्यावरच तो तगून होता.

“आईच्या वेळी कोण होतं?” त्यानं विचारलं.

घड्याळजी चष्मा शोधायला लागले. तो त्यांच्या कपाळावरच होता. मग तो तसाच घेऊन ते मुकाट्यानं खाली गेले.

“मी होते,” बारकी म्हणाली.

“उपचार चालू असताना गेली म्हणालीस.”

“ऑक्सिजन लावला होता. तो काढला आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला दिला. तान्हं मूल होतं तिला.”

“तू काढलास?”

“दुसऱ्या कुठल्या नर्सनं काढला असता तर मी तिला जन्मात माफ केलं नसतं. म्हणून मीच काढला.”

“आणि मी तुला माफ करायचं?”

“मी मागितलीय का माफी?”

मग त्यानं खालच्या आवाजात विचारलं, “ती बाई वाचली?”

“नाही. तीही गेली.”

त्यानं कार्ड टेबलावर ठेवलं, चपला घातल्या आणि तो बाहेर पडला. बारकी पसरलेले फासे गोळा करत राहिली. वहिनी म्हणून तिनं बारकीच्या पाठीवर हात ठेवला, तर पाठ लाकडासारखी ताठ.

परीक्षण तिनं लिहिलं. मूळ खेळ उत्तम, यानांची पुरवणी विकत घेऊ नका. वैद्यकक्षाच्या नियमांत बोट ठेवायला जागा नाही. माणसाला निवड करायला लावा, पण त्या निवडीला गुण देऊ नका, गुणांचं शेवटचं पान फाडून टाका.

संपादकांचा फोन आला. “अहो, खेळ आहे तो. एवढं मनावर कशाला घेता? तारे किती द्यायचे ते सांगा.”

“नाही देणार.”

त्यांनी स्वतःच्या मनानं चार दिले आणि फाडून टाकण्याचं वाक्यच फाडून टाकलं. पुढच्या आवृत्तीच्या खोक्यावर तिचे शब्द ठळक छापून आले: ‘बोट ठेवायला जागा नाही.’

भाऊबहीण पुन्हा बोलले नाहीत. ती मध्यस्थी करायला गेली की नवरा म्हणे, “तू तुझं लिहीत जा.” काही महिन्यांनी बारकीनं लांबच्या गावी बदली मागून घेतली. सामान बांधायच्या दिवशी बारकीच्या मदतीला ती एकटीच गेली. भांडी कागदात गुंडाळता गुंडाळता तिनं विचारलं, “दादाला काही सांगू?”

बारकी थांबली. “ऑक्सिजन काढला तेव्हा आई काही बोलली का, हे त्याला विचारायचं असणार. विचारवत नाहीये. सांग, झोपेतच होती.”

“खरंच होती?”

“सांग ना, वहिनी.”

घरी आल्यावर तिनं ते सांगितलं, जसंच्या तसं. नवरा उत्तरपत्रिका तपासत होता. त्यानं मान वर केली नाही. “बरं,” म्हणाला, आणि पुढच्या मुलाच्या उत्तरावर लाल पेन टेकवून तसाच बसून राहिला. शाईचा ठिपका कागदावर पसरत गेला. तिनं जाऊन त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं.