नाशपातीच्या खोक्यावरचा पत्ता

छुसॉकची, कोरियातल्या सुगीच्या सणाची, सुट्टी तोंडावर आली असताना थांडेकाने शाळेच्या शिपायाकडे मोठी बॅग उसनी मागितली, आणि प्यो बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

बॅग मागितली तर काय बिघडलं, असं कुणीही म्हणेल. पण बाईंचे हात एकदा चांगले पोळले होते. आधीचा इंग्रजीचा मास्तर, कॅनडाचा ग्रेडी, असाच छुसॉकच्या सुट्टीत पगार खिशात घालून गुपचूप विमानात बसला होता. सुट्टी संपली, मुलं वर्गात येऊन बसली आणि मास्तरांचा पत्ताच नाही. परदेशी शिक्षकाची जबाबदारी ज्या बाईंवर, त्यांनीच लक्ष ठेवायला नको का, असं शिक्षकांच्या खोलीत सर्वानुमते ठरलं. त्या वर्षी विभागप्रमुखपद बाईंच्या हातातोंडाशी येऊन निसटलं. यंदा पुन्हा त्यांचं नाव पुढे होतं.

थांडेका दक्षिण आफ्रिकेची. दोन वर्षं ती बाईंच्या बरोबरीने त्याच वर्गात उभी राहून शिकवत होती. वेळेवर यायची, जेवणाच्या ताटात तिखट-आंबट किमची टाकायची नाही, वरिष्ठांपुढे वाकायला चुकायची नाही. पण ग्रेडीही सुरुवातीला असाच गुणी होता, हे बाई विसरल्या नव्हत्या.

एकदा संशय आला की त्याला खाद्य कमी पडत नाही. थांडेकाने खिडकीतलं तुळशीसारखं रोप पहारेकऱ्याला सांभाळायला दिलं. बसस्थानकावर सणाला किती गर्दी असते, ते विचारलं. मधल्या सुट्टीत चौथीच्या मुली तिच्याभोवती कोंडाळं करून काहीतरी कुजबुजायच्या आणि बाई दारात दिसल्या की एकदम चिडीचूप व्हायच्या.

"काय चाललंय गं?" बाईंनी एकीला धरलं.

"काही नाही बाई. थांडी टीचर म्हणाल्या, कुणाला सांगायचं नाही."

झालं. बाईंची त्या रात्रीची झोप उडाली.

त्याच आठवड्यात सासऱ्यांच्या नाजू गावच्या बागेतली नाशपाती आली. दरवर्षी बाई शिक्षकांच्या खोलीत एकेक खोका वाटायच्या आणि दरवर्षी तेच वाक्य म्हणायच्या, "या हं सणाला आमच्याकडे, खोक्यावर पत्ता आहेच." सगळे हसून मान डोलवायचे. आजवर कुणी गेलं नव्हतं, जायचंही नव्हतं. थांडेकाने दोन्ही हातांनी खोका घेतला आणि म्हणाली, "नक्की येते, बाई." बाई "हो हो" म्हणाल्या आणि पुढच्या टेबलाकडे वळल्या. त्यांची नजर तिच्या टेबलाखालच्या बॅगेवर होती.

सणाच्या आदल्या दिवशी सुनेने सकाळीच सासरी पोहोचून चुलीशी बसायचं असतं. बाईंनी नवऱ्याला आणि मुलीला पुढे पाठवलं. "शाळेचं जरा काम आहे," म्हणाल्या. सासूबाई काय म्हणतील ते त्यांना ठाऊक होतं, पण जिवाला चैन नव्हती. थांडेका फोन उचलत नव्हती.

तिची खोली शाळेनेच भाड्याने घेतलेली, दाराच्या कुलपाचे आकडे बाईंना पाठ. त्यांनी दार उघडलं. अंथरूण घडी घालून ठेवलेलं. फ्रीज पुसून रिकामा, त्याची वायरही काढलेली. बॅग नाही. बाईंच्या पायांखालची जमीन सरकली. शेजारचं कपाट उघडून आत कपडे आहेत का ते बघावं, एवढंही त्यांना सुचलं नाही. पुन्हा फोन लावला, पुन्हा नुसताच वाजत राहिला. मग त्यांनी उपमुख्याध्यापक बांग यांना फोन केला.

"सर, थांडेका पळाली."

मग बांग म्हणाले, "प्यो बाई, पुन्हा?"

"मी तर कधीपासून बघत होते, सर. लक्षणं दिसतच होती. म्हणून लगेच कळवलं."

"हे मात्र बरं केलंत. मी शिक्षण कार्यालयात सांगतो."

बाईंना हायसं वाटलं, हे खरं. या वेळी निदान खापर आपल्या माथी फुटणार नाही, एवढाच विचार करत त्या गर्दीतून गाडी हाकत दुपारी नाजूला पोहोचल्या.

सासरच्या उंबऱ्यापाशी चपला-बुटांच्या रांगेत एक अनोळखी जोड होता, चांगला मोठा. आतून सासूबाईंचं हसू ऐकू आलं.

"आलीस का सूनबाई? ये, ये. तुझ्या वाटची भोपळ्याची रास या पोरीने सकाळपासून तळून संपवली."

वर्तमानपत्रं पसरलेल्या जमिनीवर तव्याशेजारी थांडेका बसली होती. कोपरापर्यंत अंडं आणि पीठ. मागे शिपायाची बॅग उघडी होती, त्यात प्रत्येकाच्या नावाची भेट आणि भाड्याने आणलेला सणाचा पारंपरिक पोशाख, हानबोक.

"बाई, उद्या सकाळी आजी-आजोबांना पूर्ण नमस्कार करणार आहे," ती म्हणाली. "मुलींनी शिकवला. तुम्हाला चकित करायचं होतं, म्हणून त्यांना गप्प बसवलं."

बाई काही बोलणार तेवढ्यात तिच्या जाकिटातला फोन वाजला. हात बरबटलेले, म्हणून तिने तो जमिनीवर ठेवून करंगळीने स्पीकर लावला. बांगांचा आवाज घरभर घुमला.

"थांडेका टीचर, कुठल्या विमानतळावर आहात? प्यो बाई म्हणतात, तुम्ही पळालात. तुमच्यावर त्यांचा कधीपासून संशय होता म्हणे."

तव्यावरच्या चकत्या करपू लागल्या, पण कुणी उलटल्या नाहीत.

"मी प्यो बाईंच्या घरी आहे, सर," थांडेका स्वच्छ कोरियनमध्ये म्हणाली. "त्यांनी बोलावलं होतं."

फोन बंद झाला. सासूबाई सुनेकडे बघत राहिल्या. इतकी लाज बाईंना ग्रेडीच्या वेळीही वाटली नव्हती.

"बाई, तुम्ही बोलावलं होतं ना मला?"

"हो. हो गं, बोलावलं होतं."

थांडेकाने मान हलवली. हात धुऊन आली, हानबोकची घडी बॅगेच्या तळाशी नीट ठेवली आणि भेटी एकेक करून बाहेर काढल्या. मग सासूबाईंकडे वळून, कमरेत वाकून, अगदी आदराने तिने विचारलं,

"आजी, परतीची शेवटची बस किती वाजता असते?"