पांघरुणातली फौज

माझ्या उभ्या-आडव्या धाग्यांची शप्पथ, पुढचं अक्षर न् अक्षर खरं आहे! खोटं निघालं तर खुशाल माझं पायपुसणं करा.

मित्रांनो, मी एक जुनी सोलापुरी चादर आहे. जन्म मागावरचा. अंगाने इतकी दणकट की पहिल्या धुण्याला मला पिळायला दोन पैलवान बोलावले होते. लग्नानंतर अनुपमाने बॅगेवर बसून मला आत कोंबलं आणि थेट शारजाला आणलं. मला वाटलं, वाळवंटात माझं काय काम? पण आमच्या अल नहदा वस्तीत बाहेर भट्टी आणि घरात एसी सोळावर. माणसं बिल भरून थंडी आणतात, मग मला पांघरतात. माझं फार कौतुक व्हायचं.

मग मंदी आली. २००९ मध्ये अनुपमाच्या नवऱ्याची, राजनची नोकरी गेली. तो दिवसभर मला डोक्यावरून ओढून पडायचा. लिफ्टमध्ये कुणी "आज ऑफिस नाही?" विचारेल म्हणून कचरा टाकायलासुद्धा बाहेर जाईना. घरातले पाय न वाजवता चालायचे. माझा तर जीव गुदमरला.

त्यातच त्यांच्या लेकीच्या, इराच्या शाळेत नाटक बसलं. अमेरिका इंग्रजांची वसाहत होती, तेव्हाची गोष्ट. तिथल्या लोकांची फौज म्हणजे पायात जोडे नाहीत, पोटात अन्न नाही. हरली, पळाली, बर्फात कुडकुडली, पण संपली नाही. शेवटी इंग्रजच थकले आणि देश स्वतंत्र झाला. इरा त्या फौजेची सेनापती. पण मंदीमुळे एकेक कुटुंब भारतात परत चाललं होतं, त्यामुळे तिचे सैनिकच संपले. मॅडम म्हणाल्या, फौज नाही तर नाटक कॅन्सल.

इराने येऊन मला खस्सकन ओढलं.

"पप्पा, आय नीड अ‍ॅन आर्मी."

"मला बरं नाहीये गं."

"परफेक्ट! दे वेअर ऑल सिक."

"ऊठ रे," अनुपमा म्हणाली. "निदान शाळेत तरी कामावर रुजू हो."

तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधली रत्नागिरीची झुबेदा आली, नवऱ्याचं मनगट धरून. "राजनभाई, ह्या जमालचा पण पडून पडून सोफा झालाय. दोघं स्टेजवर जाऊन मरा, पण घराबाहेर मरा!"

नाटक भर सकाळी होतं, त्यामुळे बिनकामाचे पप्पाच येऊ शकत होते. इराने शाळाभर निरोप धाडला होता: घरी बसलेले पप्पा आणा, कुडकुडायला चादर आणा. आणि काय सांगू, शाळेच्या गेटवर एकेक लपलेला पप्पा चादर घेऊन हजर! एकमेकांना बघून सगळे म्हणाले, "अरे, तू पण?" आणि इतके हसले की चौकीदार बघायला आला.

समोर इंग्रजांचा सेनापती झुबेदाचा मुलगा वासिफ. त्याच्या सैन्याला जाड लाल कोट, मागून आयांनी पिना लावून पक्के बंद केलेले. इराने भाषण ठोकलं. ते ऐकून एसीचा ऊर भरून आला आणि तो आपोआप बंद पडला. हॉल तापला. लाल कोटवाले घामाने निथळायला लागले.

"फाइट करू?" जमालने विचारलं.

"नो अंकल. जस्ट डोन्ट लीव्ह!"

पप्पांनी आम्हा चादरींना खाली अंथरलं आणि फतकल मारून बसले. इंग्रजांचे कोट काही निघेनात. शेवटी वासिफ ओरडला, "खलास! यू टेक अमेरिका! आय वॉन्ट वॉटर!"

असं स्वातंत्र्य मिळालं.

दुपारी राजन मला खांद्यावर टाकून परतला. खाली लॉबीत गर्दी. वॉचमनने विचारलंच, "आज ऑफिस नहीं, साब?"

राजनचा खांदा माझ्याखाली आखडला. मग तो मोठ्याने म्हणाला, "नहीं भाई, नौकरी गई. कहीं जगह हो तो बताना."

लॉबीतल्या एका माणसाने वर्तमानपत्र बाजूला केलं. "जबल अली बंदरात आमच्या कंपनीत माणूस बघतायत. सीव्ही पाठवा."

तर मित्रांनो, मला गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. आणि घरात कुणी भर दिवसा मला डोक्यावरून घेऊन पडलं असेल, तर चवड्यावर चालू नका. मला ओढा! त्यालाही हवा लागेल, मलाही.

हं, एक गोष्ट तेवढी पदरची घातली. एसी आपोआप बंद पडला नव्हता. विंगेत झुबेदा उभी होती, बटणावर बोट ठेवून. नवरा जिंकावा म्हणून तिने पोटच्या पोराला हरवलं. वासिफला मात्र सांगू नका.