अजून खूप पल्ला गाठायचाय

अकरा वर्षं झाली मला या गावात, तरी बाजारातली मासेवाली दर खेपेला म्हणतेच, "अगं बाई, किती छान बोलता हो तुम्ही आमची भाषा!" त्याआधी पाच मिनिटं मी तिच्याशी बांगड्यावरून हुज्जत घातलेली असते, तीही तिच्याच भाषेत आणि तिच्याच ठसक्यात. तरी कौतुक. मग मीही ठरलेलं उत्तर देते, "नाही हो, कुठलं काय, अजून खूप पल्ला गाठायचाय." आणि मनात म्हणते, मेले, तुझ्या सुनेला कधी म्हणतेस का असं?

हे उत्तर मला सासूबाईंनी घोटून घोटून शिकवलं. लग्न होऊन मी समरकंदहून आले त्या हिवाळ्यात गावातल्या बायका किमची, म्हणजे तिखटमिठात मुरवायचा कोबी, घालायला आमच्या अंगणात जमल्या होत्या. एकीनं माझी कोबीची फोड चाखली आणि म्हणाली, "परदेशी असून हाताला चव आहे हो हिच्या!" आमच्याकडे कौतुक झालं की छातीवर हात ठेवून 'रहमत' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मी ताठ मानेनं म्हणाले, "धन्यवाद. आमच्या घरात सगळ्यांच्याच हाताला चव आहे." बायकांचे हात कोबीवरच थांबले. तेवढ्यात माझ्या गुडघ्यावर फाडकन चापट बसली. शेजारी बसलेल्या सासूबाई चेहऱ्यावर हसू ठेवून कुजबुजल्या, "नाही म्हण. आधी नाही म्हणायचं, मग अजून खूप पल्ला आहे म्हणायचं."

पुढची दोन वर्षं त्या चार माणसांत मुद्दाम माझ्या डाव्या अंगाला बसत, म्हणजे त्यांचा उजवा हात माझ्या गुडघ्याजवळ राही. चुकले की चापट. शेवटी कुणी नुसतं "वा" म्हटलं तरी माझ्या तोंडून "नाही हो" बाहेर पडू लागलं.

पण एक गोष्ट त्यांनी शिकवली नाही, ती मीच हेरली. चारचौघांत त्या आपल्या मुलांना नावं ठेवत. "आमचा मोठा? बावळट आहे. धाकटा नुसता बोलघेवडा." शेजारणीही आपल्या सुनांना झोपाळू, उधळी, काय वाटेल ते म्हणत. माझं मात्र प्रत्येकीकडे कौतुक. "आमची सूनबाई फार गुणाची. एवढ्या लांबून आली, पण किती करते!" घरच्यांना नावं ठेवायची आणि पाहुण्यांचं कौतुक करायचं, ही इथली रीत. म्हणजे मी पाहुणी. पाच वर्षांपूर्वी माझा नवरा गेला, तेव्हा स्मशानातून परत आल्यावरसुद्धा सासूबाई पाहुण्यांना म्हणाल्या, "सूनबाईंनी फार केलं हो." त्या दिवशी मला त्या कौतुकाचा इतका राग आला की मी भांडी आपटत घासली.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण म्हणजे ती गुरुवारची सकाळ.

त्या सकाळी प्रांताच्या कचेरीतून दोन माणसं आमचे रांजण तपासायला येणार होती. आमच्या मागच्या अंगणात त्रेसष्ट रांजण आहेत. सोयाबीन शिजवून, ठेचून, त्याच्या विटा बांधून, मिठाच्या पाण्यात मुरवून केलेलं द्वेनजांग आणि त्याचंच काळं पाणी, ही या घराण्याची तीन पिढ्यांची विद्या. ती पुढे चालवणारा वारस सरकारदरबारी नोंदवला गेला, तर अंगणाला हात लावता येत नाही. अट एकच होती. वारसानं सलग तीन वर्षं सगळे रांजण स्वतःच्या हातानं घातलेले असले पाहिजेत.

अर्ज माझ्या नावाचा होता. धाकटे दीर थेसिक यांना तिथे कॉफीचं दुकान काढायचं होतं, काचेचं, समोर मोटारी उभ्या करायला जागा असलेलं. सासूबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "नोंद झाली तर अंगण हिचं. नाही झाली तर तुझं, मग मी तुझ्याकडे शहरात येते." मी कुठे जायचं, ते कुणी बोललं नव्हतं. समरकंदला आता माझं कुणी उरलेलं नाही.

अडचण वेगळीच होती. तीन वर्षांपूर्वी सासूबाईंचा उजवा हात गेला. अर्धांगाचा झटका; पहाटे उठल्या तेव्हा उजवा पाय ओढत होता आणि हात नुसता लोंबत होता. दवाखाना झाला, पाय सुधारला, हात नाही. पण हे मला सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. अंगरख्याच्या खिशात हात कोंबून त्या गावभर हिंडत आणि सांगत, "खांदा धरलाय जरा." सासूबाईंच्या, म्हणजे ओकबुनबाईंच्या, हाताची चव म्हणजे या खोऱ्यातलं मोठं प्रस्थ. तो हात गेला हे लोकांना कळण्यापेक्षा त्यांनी मरण पत्करलं असतं. तीन वर्षं त्या ओसरीवर बसून नुसत्या बोलत होत्या. "मीठ कमी आहे. अंडं सोड पाण्यात. बोराएवढं वर दिसायला हवं. आणखी मीठ." आणि त्रेसष्ट रांजण मी घालत होते.

म्हणजे मी केलं म्हणायचं, तर ओकबुनबाईंनी तीन वर्षं रांजणाला हात का लावला नाही असं विचारणार आणि त्यांचं गुपित फुटणार. त्यांनी केलं म्हणायचं, तर अंगण जाणार. रात्रभर मी कूस बदलत होते. सकाळी चहा देताना विचारलं, "आई, त्यांनी विचारलं तर काय सांगू?"

"विचारतील तेव्हा बघू," म्हणाल्या, आणि खिशातला हात आणखी आत सारला.

दहाच्या सुमाराला ते आले. ग्वाकबाई म्हणून एक साठीच्या, बारीक डोळ्यांच्या, आणि एक चष्मेवाले गृहस्थ, हातात वही. थेसिक आधीच येऊन बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून. मी ओसरीवर बुटकं मेज मांडलं. मी बसणार एवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "तिकडे सरक." आणि कण्हत कण्हत माझ्या उजव्या अंगाला बसल्या. मला वाटलं, ऊन लागत असेल.

ग्वाकबाईंनी रांजण हिंडून पाहिले. झाकणं उचलून वास घेतला, बुरशी धरू नये म्हणून वर सोडलेला कोळसा आणि लाल मिरच्या पाहिल्या. तीन वर्षांच्या तीन रांजणांतून थोडं थोडं काढून मेजावर आणलं. पहिलं चाखलं. दुसरं चाखलं. तिसऱ्याला चमचा तोंडातच ठेवून डोळे मिटले.

"हाताला चव आहे हो तुमच्या," त्या म्हणाल्या. "फार दिवसांनी असं काही तोंडात पडलं."

आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "नाही हो, कुठलं काय. अजून खूप पल्ला गाठायचाय. सगळं आईंचंच आहे."

चष्मेवाल्यांचं पेन थांबलं. "म्हणजे हे सासूबाईंनी केलंय?"

गावातल्या कुठल्याही सुनेनं हेच शब्द उच्चारले असते, तर हा माणूस गालातल्या गालात हसून पुढे गेला असता. विनय आहे, म्हणाला असता. पण मी परदेशी. परदेशी माणूस बोलेल तेच त्याच्या मनात असतं, अशी यांची समजूत.

थेसिकना एवढं पुरेसं होतं. "बघा, वहिनी स्वतःच सांगतायत," ते मधाळ आवाजात म्हणाले. "साध्या आहेत बिचाऱ्या, खोटं बोलता येत नाही त्यांना. मदत करतात आईला, नाही कोण म्हणतंय? पण हात आईचाच. अख्खं खोरं ओळखतं तो हात."

"भाऊजी, मी तसं म्हणाले नाही."

"आता म्हणालात की, वहिनी. सगळ्यांनी ऐकलं."

ग्वाकबाईंनी चमचा खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. "हे बघा दिलफुझाबाई, इथे मानापानाचं बोलणं नको. कागदावर जायचंय म्हणून सरळ विचारते. ही तीन वर्षं हे रांजण तुम्ही घातले की ओकबुनबाईंनी?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांची नजर रांजणांवर होती, जबडा घट्ट आवळलेला. खिशात तो हात. मला त्यांचा पहिल्या वर्षभरातला प्रत्येक घास आठवला, डाव्या हातानं चमचा धरून सांडत सांडत खाल्लेला, आणि मी बघू नये म्हणून भिंतीकडे फिरवलेली पाठ. अंगण गेलं तर जाऊ दे, असं मला अगदी मनापासून वाटलं. या बाईला चार लोकांत उघडं पाडून मला काही नको होतं.

"आईंनीच..." मी म्हणाले. "आईंनीच केलं सगळं."

फाडकन गुडघ्यावर चापट बसली.

मी दचकून खाली पाहिलं. डावा हात होता. कपातला चहा मेजावर हिंदकळला.

"कसलं आईनं केलंय!" सासूबाई कडाडल्या. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, खिशातून ओढून काढलं आणि हात मेजावर टाकला. बोटं वळलेली, पांढरी पडलेली. "या हातानं केलंय का? तीन वर्षं यानं साधी काडी उचललेली नाही."

थेसिक अर्धवट उठले. "आई, हे... हे कधी झालं?"

"येत असतास तर कळलं असतं. खाली बस."

ते बसले. चष्मेवाले वहीत बघू लागले. ग्वाकबाई मात्र त्या हाताकडे बघत राहिल्या, आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे सूनबाई खरंच शिकल्या. मोठ्या गुणाच्या आहेत."

आता ते येणार होतं, अकरा वर्षं ऐकलेलं. फार गुणाची, एवढ्या लांबून आली.

"हिच्यात कसले आलेत गुण!" सासूबाई म्हणाल्या. "मेली हट्टी आहे. मीठ घालताना हात आखडते. झाकणं उघडी टाकून झोपते, पाऊस आला की मलाच ओरडावं लागतं. भांडी तर अशी आपटते की शेजारी जागे होतात." मग मेजावर डावा हात टेकून त्यांनी ग्वाकबाईंपुढे कपाळ मेजाला लागेल एवढी मान वाकवली. "आमची पोर अजून कच्ची आहे. खूप पल्ला गाठायचाय तिला. सांभाळून घ्या."

ग्वाकबाई झटकन गुडघ्यांवर आल्या आणि त्यांनीही तेवढीच मान वाकवली. चष्मेवाल्यांनी काहीतरी खोडलं, आणि वर माझं नाव लिहिलं.

अकरा वर्षांत पहिल्यांदाच या घरात कुणी मला चारचौघांत नावं ठेवली होती. मला काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं, पण या बोलण्याला काय उत्तर द्यायचं ते मला कुणी शिकवलंच नव्हतं. मी त्यांचा मेजावरचा गार हात दोन्ही हातांत धरला आणि सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडले.