झाडलेलं अंगण

राजधानीच्या न्यायाधीशाचा हुकूम आला आणि डोन्या बार्बाराच्या अंगणातला केरसुणीचा आवाज बंद झाला. स्पॅनिश लोक येण्याआधी तिच्या नवऱ्याचे आजोबा या नगराचे राजे होते. पहाटे राजघराचं अंगण झाडायचं काम मीठवाल्यांच्या आणि चटईवाल्यांच्या आळीकडे होतं, पाळीपाळीनं. आता म्हणे ती सक्ती उठली.

नवरा आणि दोन्ही मुलगे साथीत गेलेले. उरली एक टर्की. हुकूम मानणारी तेवढीच प्रजा, तीही मक्याचे दाणे टाकले तर.

न झाडलेलं अंगण म्हणजे मेलेलं घर, असं सगळं नगर मानायचं. म्हणून उजाडायच्या आत ती स्वतःच झाडू लागली. केराचा ढीग रीतीप्रमाणे फाटकाबाहेर लावायची. मीठवाल्यांना वाटलं, चटईवाले अजून जातात. चटईवाल्यांना वाटलं, मीठवाले. घराची अब्रू राहिली, पण दिवसभर बोलायला माणूस नव्हतं. ते घर तिला खायला उठायचं.

एका सकाळी फाटकात तेईकू उभी राहिली, चटईवाल्यांची म्हातारी, हातात केरसुणी. डोन्या बार्बारानं आपली केरसुणी घाईघाईनं खुराड्यामागे सारली.

"आईसाहेब, मीठवाले रोज येत्यात आन् आमी घरात लोळतोय. लाज वाटली बगा. आमच्यातलं कुनी हलंना, म्हटलं मी तरी जाते."

बस म्हणावं, फेस येईस्तोवर काकाओचं पेय घुसळून तिच्या हातात द्यावं, तिच्या सुनांच्या कागाळ्या ऐकाव्यात, असं डोन्या बार्बाराला फार फार वाटलं. पण मग कोणीच येत नाही, हेही सांगावं लागलं असतं.

"झालंय झाडून," ती म्हणाली. "मीठवाले आत्ताच गेले."

तेईकूची नजर तिच्या घागऱ्याच्या धुळीनं भरलेल्या घोळावर गेली, अनवाणी पावलांवर गेली, आणि खाली वळली.

"बरं झाडत्यात मीठवाले," ती हळूच म्हणाली. "कोपरे तेवढे ऱ्हात्यात. सांगा त्यास्नी."

वाकून तिनं राजघराला मान द्यायच्या रीतीनं बोट मातीला टेकवलं, ओठांना लावलं, आणि केरसुणी काखेत मारून निघाली.

डोन्या बार्बारा फाटकापर्यंत धावली. नाव ओठांवर आलं होतं. पण राजघरातल्या बाईनं रस्त्यावरच्या माणसाला हाक मारल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. तेईकू वळणाआड गेली.

मग तिनं खुराड्यामागून केरसुणी काढली आणि रडत रडत कोपरे झाडले.