चऱ्होलीच्या सुनेचा कॅबरे

जयमालाला पहिल्यांदा माइक मिळाला तो मोशीच्या ट्रॅफिकमुळे. वडील ज्योतीराम लातूरकडून येऊन भोसरीच्या एका कंपनीत फिटर म्हणून लागलेले, घर संत तुकाराम नगरात. कंपनीच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा ठेवला होता आणि मुख्य गायिकेची गाडी मोशीत अडकली. पब्लिक शिट्ट्या मारायला लागलं, तेव्हा ज्योतीरामांनी बारावीतल्या पोरीला हाताला धरून स्टेजवर चढवलं.

"हिला येतंय. लावा हिला," ते म्हणाले.

पोरीनं देवीचं गाणं म्हटलं, मग कोळीगीत म्हटलं. मागून कुणीतरी कव्वालीची फर्माईश केली, तर तीही म्हटली. अर्धे शब्द येत नव्हते, तिथं तिनं "मौला, मौला" करत वेळ मारून नेली. खरी गायिका पोचली तेव्हा लोक या पोरीला खाली उतरू देईनात.

पुढची वीस-पंचवीस वर्षं जयमाला सांगाल ते गात राहिली. एप्रिलमध्ये भीमगीतं, नवरात्रात गरबा, मारवाड्यांच्या लग्नात घूमर, निगडीच्या मल्याळी मंडळाच्या ओणमला मल्याळी गाणी. सगळ्यांत जास्त मागणी लावणीला. तिचा वरचा सूर भोंग्यासारखा आरपार जायचा. त्या सुरावर साउंडवाला रोहिदास भाळला. "माझाच आवाज मला ऐकू येईना, मॉनिटर वाढवा, असं न ओरडणारी ही एकच गायिका," असं तो आजही सांगतो.

रोहिदास चऱ्होलीचा, जुन्या घरातला. थोडं रान बिल्डरला गेलेलं, थोडं राखलेलं. चारी बाजूंनी टॉवर आणि मध्ये यांच्या दोन म्हशी. त्याची आई शालनबाई सून आणायला राजी झाली, पण गावात सांगताना "आमची सून भजनं गाती" एवढंच सांगायची. बाकीच्या गाण्यांचा विषय निघाला की तिला नेमकं म्हशींकडं काम निघायचं.

दोन वर्षांमागच्या नवरात्रात, शेवटच्या माळेला, जयमालाचा आवाज भर गरब्यात फाटला. डॉक्टरनं तपासून सांगितलं, गळ्यात गाठी आल्यात. औषधं दिली आणि महिनाभर एक शब्दही बोलायचा नाही म्हणून बजावलं. तो महिना तिनं टाळ्या वाजवून, डोळे वटारून आणि भांडी आपटून काढला. गाठी गेल्या, आवाज परत आला. पण तो आवाज निराळाच होता. जाड, खालचा, थोडा खरखरीत. वरच्या सुराला गेलं की नुसती हवा यायची.

ऑर्केस्ट्राचा मालक सुजित भला माणूस. त्यानं चहा पाजला, तब्येतीची चौकशी केली आणि खाली बघत म्हणाला, "ताई, लावणी आता त्या नव्या पोरीला, तेजस्विनीला देतो. तुम्ही निवेदन कराल का?"

"बघते," जयमाला म्हणाली. घरी येऊन तिनं हार्मोनियमवर चादर टाकली. दोन-अडीच महिने तिनं साधी गुणगुणही केली नाही. रोहिदास मुद्दाम चुकीच्या चालीत गाणी म्हणत घरात फिरायचा. तिनं सुधारावं म्हणून. ती सुधारायची नाही.

शेवटी चाकणच्या एका हॉटेलचं काम आलं. नाशिक हायवेवरचं हॉटेल. कंपन्यांत महिने-दोन महिने आलेले जपानी, कोरियन, जर्मन इंजिनिअर तिथं उतरायचे. साउंड रोहिदासनं बसवला होता. तिथली मॅनेजर उत्कर्षा त्याला म्हणाली, "शुक्रवारी संध्याकाळी कुणीतरी गायला पाहिजे. पण गोंगाट नको, दादा. लोक जेवत असतात."

"माझ्या बायकोचा आवाज बसलाय," रोहिदास म्हणाला. "म्हणजे अगदी तुम्हाला हवा तसा."

हे ऐकून जयमालानं त्याच्याशी दिवसभर अबोला धरला. मग शुक्रवारी साडी नेसून गाडीत जाऊन बसली.

साथीला की-बोर्डवर समर्थ होता. दिवसा तो एका कंपनीत क्वालिटी खात्यात आणि संध्याकाळी इथं. पहिल्या दोन गझला बऱ्या गेल्या, पण तिसऱ्या गाण्याआधी तिला दम लागला. समोरची माणसं काटे-चमचे खाली ठेवून बघत होती. काहीतरी करायला हवं, म्हणून ती बोलायला लागली. हिंजवडीच्या सिग्नलला अडकलेल्या एका वरातीची गोष्ट तिनं सांगितली. आयटीवाले गाड्यांतून उतरून नाचायला लागले, नवरदेवाचा घोडा कंटाळून माणच्या रस्त्याला लागला आणि मुहूर्त टळला, असं सगळं मराठी, हिंदी आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत. कोपऱ्यातले सुपरवायझर खो खो हसले. जपानी पाहुण्यांना शेजारच्यांनी समजावलं, ते जरा उशिरानं हसले. तेवढ्यात तिचा दमही भरून आला.

मग तसंच सुरू झालं. गाणं, गप्पा, पुन्हा गाणं. खालच्या आवाजात तिला एकेक नवी गोष्ट सापडत गेली. लावणीसुद्धा नाचायची न धरता बैठकीची धरली, बसून, सावकाश, शब्द चावून चावून म्हटली, की ती आणखी खट्याळ लागते हे तिला या वयात कळलं. समर्थनं तिला जॅझ ऐकवलं. एका जपानी साहेबानं त्याच्या गावाकडचं कोळ्यांचं गाणं शिकवलं. एकदा ती चऱ्होलीतल्या बिल्डरांवर बोलली आणि दुसऱ्या आठवड्यात त्यातलेच दोन बिल्डर बायकामुलांना घेऊन ऐकायला आले. शुक्रवारी टेबल मिळेनासं झालं.

एकदा क्लाउस नावाचे पिकल्या केसांचे जर्मन इंजिनिअर तिला भेटायला आले. समर्थला मध्ये घालून म्हणाले, "बाई, आमच्याकडे तुमच्या या प्रकाराला कॅबरे म्हणतात."

जयमालानं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "काय म्हणाले हे?"

"ताई, थांबा, थांबा," समर्थ घाबरून म्हणाला. "यांच्याकडचा कॅबरे निराळा असतो. पिसं लावून नाचायचं नसतं. छोटं स्टेज, समोर टेबलं, एकच माणूस गातो, गोष्टी सांगतो, मोठ्या लोकांच्या टोप्या उडवतो."

"अस्सं होय," ती म्हणाली आणि हसत सुटली. "म्हणजे मी इतके दिवस कॅबरेच करत होते की!"

हे ऐकणाऱ्यांत उत्कर्षाही होती. पुढच्याच आठवड्यात हायवेला मोठा फलक लागला: 'चाकणमधला कॅबरे. दर शुक्रवारी. जयमाला.' शेजारी तिचा हसरा फोटो. त्या फलकाचा फोटो संध्याकाळपर्यंत चऱ्होलीतल्या घराघरांत पोचला.

जयमाला घरी आली तेव्हा ओसरीवर शालनबाई आणि चुलत सासरे नानासाहेब बसले होते. नानासाहेब माजी सरपंच. ग्रामपंचायत जाऊन महापालिका आली, तरी त्यांचा सरपंचकीचा आवाज तसाच राहिलेला. रोहिदास एका कोपऱ्यात वायरींचं भेंडोळं सोडवण्यात अगदी गढून गेला होता.

"सूनबाई," नानासाहेब म्हणाले, "आमी आजवर कधी काय बोललो न्हाई. पर क्याबरे? ह्या घरात?"

"मामंजी, तुम्ही समजता तसलं काही नाही ते."

"मग कसलं हाय?" शालनबाईनं विचारलं. "भजन हाय का?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही," जयमाला म्हणाली. "भजन नाही. शुक्रवारी या आणि स्वतःच बघा."

"येतीच मी," शालनबाई म्हणाली. "आन् एकटी न्हाई येत."

शुक्रवारी नानासाहेबांची मोठी गाडी हॉटेलच्या दारात थांबली. आतून नानासाहेब, शालनबाई आणि भावकीतल्या चार बायका उतरल्या. उत्कर्षानं त्यांना अगदी पुढचं टेबल दिलं आणि स्वतः लांब खांबाआड जाऊन उभी राहिली.

जयमाला इरकली नेसून स्टुलावर येऊन बसली. पहिलं गाणं झालं. त्यानंतर तिच्या नेहमीच्या गप्पांतला सगळ्यांत गाजलेला किस्सा यायचा: तिचा मुका महिना आणि सासूबाई. समर्थनं भुवया उंचावून विचारलं, सांगणार का? तिनं पुढच्या टेबलाकडं पाहिलं. पण गोष्ट बदलली तर सासूबाईंना इथं आणून तरी काय उपयोग, असं तिला वाटलं.

"माझा आवाज बंद झाला," तिनं सुरू केलं, "तेव्हा सासूबाईंनी पहिल्या दिवशी शिरा केला."

मागची टेबलं हसली. पुढचं टेबल हललं नाही.

"आठ दिवसांत मात्र त्यांना करमेना. भांडणार कुणाशी? मग मला बोलतं करायला म्हणाल्या, तुझ्या माहेरचं काळं तिखट म्हणजे नुसता भुसा. मी तोंड उघडलं, डॉक्टर आठवला, तोंड मिटलं आणि थाळी आपटून निघून गेले."

"खोटं हाय!"

शालनबाई उभी राहिली होती. भावकीतल्या एकीनं तिचा पदर ओढला, तिनं झटकला.

"अर्धंच सांगतीया ही बया," शालनबाई सगळ्यांकडं वळून म्हणाली. "थाळी आपटून गेली न्हाई काय. खडू घिऊन आली आन् सैपाकघराच्या दारावर हे एवढालं लिवलं. आता मला कुठं वाचाया येतंय? मला शिवी काय दिली, त्ये शेजारच्या पूनमकडनं वाचून घ्यावं लागलं!"

"काय लिहिलं होतं, आजी?" मागून कुणीतरी ओरडलं.

"झेपत नसंल तर पेढं खावा, असं लिवलं हुतं!"

हॉल हसण्यानं दणाणला. नानासाहेबांची टोपी मांडीवर पडली आणि ते डोळे पुसत राहिले. खांबामागून उत्कर्षा बाहेर आली. जयमाला तर स्टुलावरून उतरून खाली बसली, हसू आवरेना म्हणून.

"मग? खाल्ले का पेढे?" तिनं माइकमधूनच विचारलं.

"खाल्लं की. तुला न्हाई दिलं," शालनबाई म्हणाली आणि पदर सावरत बसली. "म्हण आता गाणं. मघाचं ते जाड आवाजातलं. ते बरं वाटतंय."

जयमालानं बैठकीची लावणी धरली. भावकीतल्या बायका आधी एकमेकींकडं बघत राहिल्या, मग त्यातली एक ताल धरून टाळी द्यायला लागली. शालनबाई डोळे मिटून ऐकत होती. गाणं संपल्यावर ती शेजारी बसलेल्या बाईला मोठ्यानं म्हणाली, "माझी सून हाय ती." त्या वाक्यात भजनाचं नाव नव्हतं. ते जयमालानं बरोबर ऐकलं आणि पुढच्या गाण्याची पहिली ओळ तिला समर्थकडून विचारून घ्यावी लागली.

आता महिन्यातून एखाद्या शुक्रवारी शालनबाई येते. "मी बी क्याबऱ्याला चालले," असं म्हशींना पाणी दाखवता दाखवता रस्त्यानं जाणाऱ्यालाही सांगते. मागच्या महिन्यात चिंचवडच्या नाट्यगृहात जयमालाचा पहिला मोठा प्रयोग झाला. तेजस्विनी ऐकायला आली होती; बसून म्हणायची लावणी शिकवाल का, म्हणून विचारून गेली. आता मंगळवारी येते.

आणि चाकणच्या कारखान्यांतल्या ओडिया कामगारांनी त्यांच्या सणाला गायचं आमंत्रण दिलंय. गाणं त्यांनी फोनवर पाठवलं आहे. जयमाला सकाळपासून ते कानाला लावून घरभर फिरते आहे. मध्येच तिनं रोहिदासला हाक मारली.

"अहो, ऐका! यांच्या भाषेतसुद्धा आपल्यासारखा ळ आहे!"

तिनं ती ओळ तीनदा म्हणून दाखवली. तिन्ही वेळा त्या ळवर जरा जास्तच रेंगाळली.