बिनरंगी बाटल्या

खाडीच्या तोंडाशी धक्का होता. धक्क्यासमोर बर्फाचा कारखाना, आणि त्या कारखान्याच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर, समुद्राचं पाणी तपासणारी प्रयोगशाळा. तिथे अकरा वर्षं नोकरी करणाऱ्या ताईबद्दल तिचा धाकटा भाऊ म्हणे, "आमची ताई सगळ्यांना पाण्यात पाहते." हा विनोद त्याने आजवर पाचशे वेळा तरी केला असेल, आणि दर वेळी तो आत्ताच सुचल्यासारखा हसायचा. ताई त्याला खेकडा म्हणे. लहानपणी तो सरळ कधी चालला नाही आणि मोठेपणी सरळ बोलला नाही, म्हणून.

खाडीबाहेरच्या मोकळ्या पाण्यात या भावाचे, म्हणजे खेकड्याचे, आठ पिंजरे तरंगत होते. गोल, जाळीचे, आणि आत दीड वर्ष वाढवलेले मासे. दर सोमवारी आणि गुरुवारी ताई समुद्राच्या पाण्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची आणि निकालाची चिठ्ठी धक्क्यावरच्या फळ्याला लावायची. कधी कधी समुद्रात विषारी सूक्ष्म जीव भसाभसा वाढतात, पाणी तांबूस होतं आणि मासे तडफडून मरतात. तशी चिठ्ठी लागली, की पिंजरे ओढून खाडीत न्यायचे, असं ठरलेलं होतं. गेल्या वर्षी ताईने तशी चिठ्ठी लावली. खेकड्याने पिंजरे हलवले, ओढाओढीत दोन पिंजऱ्यांतले मासे दगावले, आणि पाण्यातले जीव निरुपद्रवी निघाले. खेकडा एका शब्दाने बोलला नाही. तो बोलला असता तर ताईला बरं वाटलं असतं.

त्या गुरुवारी चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'विषारी जीव आढळले नाहीत.' खाली ताईची सही.

दहाच्या सुमारास बाबा जिना चढून वर आले. ताई घराची किल्ली विसरली होती.

"ही घे. डोकं बरोबर आणलंयस ना, का तेही घरीच?"

"बसा बाबा. किती खोकताय."

"धक्क्यावर पाय ठेवला की घसा खवखवतो. समुद्राला मी नकोसा झालोय बहुतेक."

"सिगारेट."

"सोडून दोन वर्षं झाली. आईला विचार. मी खोटं बोलेन, ती कशाला बोलेल?"

वीस मिनिटं गप्पा झाल्या आणि बाबा खाली गेले. ते गेल्यावर ताईच्या लक्षात आलं, की या वीस मिनिटांत ते एकदाही खोकले नव्हते. ती खिडकीशी गेली. बाबांनी धक्क्यावर पाय ठेवला आणि खोकला सुरू झाला. बोटीची तिकिटं देणारा तिकीटमास्तरही खोकत होता. जाळं शिवत बसलेली बाईसुद्धा. सवयीने ताईने घड्याळ लावून मोजलं. तीन मिनिटांत बाबा अकरा, तिकीटमास्तर सात, बाई सहा. वारा समुद्राकडून येत होता.

काही विषारी जीव लाटांत फुटतात, त्यांचं विष तुषारांबरोबर हवेत चढतं आणि किनाऱ्यावरची माणसं खोकू लागतात. हे तिला पाठ होतं. पण सकाळी मोजलेल्या पाण्यात तसा एकही जीव नव्हता.

तिने सकाळच्या बाटल्या उजेडात धरल्या. बाटल्यांतलं पाणी स्वच्छ होतं. बिनरंगी. नमुना टिकावा म्हणून बाटलीत आयोडिन घालतात, आणि त्याने पाण्याला फिक्या चहाचा रंग येतो. तीन आठवड्यांपूर्वी आयोडिन संपलं, तेव्हा मागणीपत्र लिहून तिने तात्पुरतं फॉर्मॅलिन घातलं होतं. तात्पुरतं म्हणता म्हणता तेच चालू राहिलं. फॉर्मॅलिनमध्ये कवच असलेले जीव जसेच्या तसे राहतात. ज्यांना कवच नाही, ते फुटून नाहीसे होतात. प्रशिक्षणाला येणाऱ्यांना ती हे पहिल्याच दिवशी सांगायची, वर परीक्षेत विचारायची.

म्हणजे तिने उरलेले तेवढे मोजले होते, आणि फुटून गेलेले नव्हतेच, असं लिहून दिलं होतं.

बादली घेऊन ती दोन-दोन पायऱ्या उतरत धक्क्याच्या टोकाला गेली. आयोडिन घातल्यावर बाटलीतल्या पाण्याला जो रंग यायला हवा होता, तो आता धक्क्याखालच्या समुद्रालाच आला होता. बोटाएवढा एक मासा आडवा पडून स्वतःभोवती गोल गोल फिरत होता. तिने बादली बुडवली, भरली आणि जशी आली तशी वर धावली.

या खेपेला काहीही न मिसळता तिने जिवंत पाण्याचा थेंब काचेवर ठेवला आणि डोळा लावला.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली.

थेंब नुसता वळवळत होता. चपटे, पिवळसर जीव, झाडावरून गळणाऱ्या पानासारखे गिरक्या घेत पोहत होते. अकरा वर्षांत तिने ते फक्त चित्रांत पाहिले होते. भीती वाटण्याच्या आधी, क्षणभर, तिला विलक्षण आनंद झाला, आणि त्या आनंदाची तिला नंतरही कधी लाज वाटली नाही. मोजायचं यंत्र तिच्या अंगठ्याखाली टकटकत राहिलं. एका थेंबात एकशे बारा. लिटरमागे बावीस लाखांच्या वर.

सव्वाअकरा झाले होते. पूर्ण भरती बारा चाळीसला. खाडीच्या तोंडावर वाळूचा दांडा होता, आणि पिंजरे त्याच्यावरून जायचे तर भरतीच्या आगेमागे अर्धा तास, एवढीच सवड. पुढच्या भरतीपर्यंत हलवण्यासारखं काही उरलं नसतं. तिने भावाला फोन लावला.

"खेकड्या, पिंजरे हलव. आत्ता."

पलीकडे इंजिनाचा आवाज. "ताई, तुझीच सही वाचून आलोय सकाळी."

"ती चिठ्ठी चुकली. बाटल्यांत भलतंच औषध मी घातलं. जे मोजायचं, तेच फुटून गेलं."

"म्हणजे गेल्या वर्षी आहेत म्हणालीस तेव्हा नव्हते, आणि आज नाहीत म्हणालीस तर आहेत."

"हो."

पलीकडून खोकला ऐकू आला.

"कधीपासून खोकतोयस?"

"सकाळपासून. धूळ असेल."

"समुद्रात कसली धूळ? केबिनमध्ये जा. दार लाव, खिडक्या लाव आणि पाच मिनिटं बस. फोन ठेवू नकोस."

"उकडून मरेन इथे."

"बस म्हणते ना."

ती घड्याळाच्या काट्याकडे बघत ऐकत राहिली. पहिल्या मिनिटात तीनदा. दुसऱ्यात एकदा. मग नुसता श्वास.

"आता बाहेर ये."

दार उघडल्याचा आवाज आला. दोन श्वास, आणि पुन्हा खोकल्याची उबळ.

"आयला," खेकडा म्हणाला. आणि मग, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, सरळ बोलला. "दोऱ्या सोडायला घेतो. तू बाबांना घेऊन ये, हात कमी पडतील. आणि ती चिठ्ठी आधी काढ."

ताईने चिठ्ठी काढून खिशात घातली. नवी लिहिली, 'पाणी विषारी आहे. मासे, शिंपले खाऊ नयेत. सकाळची चिठ्ठी चुकीची होती.' सही सकाळच्यापेक्षा मोठी केली. तिकीटमास्तराने ती वाचली, काही न विचारता आपली होडी सोडली आणि ताईला आणि बाबांना पिंजऱ्यांपाशी पोचवलं.

पिंजरे जोरात ओढून चालत नाही. मासे जाळीला चिकटून गुदमरतात. झोपलेल्या बाळाचा पाळणा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यावा, तशी आठ पिंजऱ्यांची माळ पुढे सरकत होती, आणि मागून तांबूस पाण्याचा पट्टा येत होता. त्यावर पांढरी पोटं वर आलेले मासे दिसायला लागले होते. सुरुवातीला मोजण्याइतके. थोड्या वेळाने ताईने मोजणं सोडून दिलं.

"जरा वाढव ना रे वेग," ती म्हणाली.

"तू थेंब बघ, मी मासे बघतो."

दांड्यापाशी पोचले तेव्हा एक वाजून पाच मिनिटं झाली होती. पाणी उतरायला लागलं होतं. खेकडा इंजिनावर राहिला, बाकीच्यांनी मिळून जाळ्यांचे तळ हातांनी वर ओढून धरले. ताईच्या तळव्यांना जाळीतून माशांचं वजन लागत होतं, जड आणि धडधडतं. सात पिंजरे गेले. आठवा वाळूला घासला आणि दोरी ताणली गेली.

"थांबू नकोस," बाबा खोकत खोकत ओरडले. "थांबलास तर रुतला. चालव, चालव."

दोरी करकरली. पिंजरा तिरका झाला, कण्हल्यासारखा आवाज करत घसरला आणि पलीकडच्या पाण्यात सरळ झाला.

खाडीचं पाणी निम्मं गोडं, आणि हा विषारी जीव लिटरमागे चोवीस ग्रॅम मिठाहून कमी खारटपणात तग धरत नाही. ताईने खारटपणाचं यंत्र पाण्यात सोडलं आणि आकडे मोठ्याने वाचू लागली. "एकतीस. एकोणतीस." टेकडीचं वळण आलं. "पंचवीस." खेकडा इंजिनावर हात ठेवून तिच्या तोंडाकडे बघत होता. "बावीस. जाऊ दे अजून पुढे. एकोणीस. बस, इथेच."

इंजिन बंद झालं. एवढी शांतता कशाने वाटतेय, हे कोणाला लगेच कळेना.

"बाबा," खेकडा म्हणाला, "तुमचा खोकला कुठे गेला?"

"विसरलो वाटतं धक्क्यावर. तुझ्या बहिणीची किल्ली, माझा खोकला."

खेकडा आधी हसला, मग खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसत राहिला. थोड्या वेळाने त्याने हात पुढे केला. "ती सकाळची चिठ्ठी दे इकडे. केबिनमध्ये लावतो. पुढच्या वेळी तू काहीही लिहिलंस, तरी आधी खोकून बघेन."

"देता येणार नाही. ती नोंदवहीत चिकटवायचीय, नव्या चिठ्ठीशेजारी."

"कठीण बाई आहेस." तो उठला आणि पहिल्या पिंजऱ्याच्या कडेवर वाकला, पण आत बघायचा त्याला धीर होईना. "ताई, तू बघ. आम्हाला एवढी वर्षं पाण्यात पाहिलंस, आज यांना पाहा. आहेत ना?"

ताई गुडघे टेकून वाकली. हिरवट पाण्यात, हातभर खाली, एक राखाडी पाठ वळली. मग दुसरी. मग एकदम इतक्या, की तिचा अंगठा आपोआप हलायला लागला.

"थांब," ती म्हणाली. "मोजतेय."